काही घडण्याआधीच बुधवारचा एक तास मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

मार्फत : मुख्य परिचारिका, शस्त्रक्रिया विभाग.

विषय : मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात समुपदेशनासाठी दर बुधवारी सकाळी एक तास जाण्याची परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १६ एप्रिल. २) त्यावरील कार्यालयाचा शेरा दि. २ मे : "घटना नमूद नाही, सबब परत." ३) माझा दुसरा अर्ज दि. ९ मे. ४) त्यावरील शेरा दि. २८ मे : "अर्जदार स्वतः चालत आल्या असून हस्ताक्षर सुवाच्य आहे. तूर्त आवश्यकता दिसत नाही."

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की, मी आपल्या रुग्णालयाच्या तळघरातील निर्जंतुकीकरण कक्षात अकरा वर्षे सहायक म्हणून काम करीत आहे. शस्त्रक्रियागृहातून आलेल्या कात्र्या, चिमटे धुणे, मोजणे, ट्रेमध्ये लावून कापडात बांधणे आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रात, ठेवणे हे माझे काम. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ पुरेशी लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात आणि मग ट्रे वर पाठवायचा. अकरा वर्षांत या कामात माझ्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वरून एक ट्रे परत आला. एका कात्रीच्या सांध्यात वाळलेला डाग राहिला होता. ती कात्री मी धुतली होती. शस्त्रक्रियागृहातील सिस्टरांनी ती वापरण्यापूर्वीच पाहिली, कोणाला इजा झाली नाही, आणि त्या रागावल्याही नाहीत. "अगं, होतं कधी कधी. दुसरा ट्रे दे पटकन," एवढेच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते असे मला आजही वाटते. त्या दिवसापासून माझे हात थांबेनात.

प्रथम मी प्रत्येक कात्री दोनदा धुऊ लागले. त्यात कोणालाच काही वावगे दिसले नाही, उलट कौतुकच झाले. मग रेघा काळ्या झालेल्या असूनही ट्रे पुन्हा यंत्रात घालू लागले. मार्चअखेर तिसरी फेरी सुरू झाली. ट्रे स्वच्छ आहे हे मला माहीत असते. माहीत असूनही छातीत धडधडत राहते, एका जागी बसवत नाही, कक्षाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या होतात, आणि यंत्राचे दार पुन्हा लावल्याशिवाय श्वास पुरा होत नाही. दार लावले की पाच-सात मिनिटे बरे वाटते. नंतर पुन्हा तेच.

दि. ३ एप्रिल रोजी यामुळे हाडांची एक शस्त्रक्रिया चाळीस मिनिटे लांबली. ट्रे तिसऱ्या फेरीत होता. शेवटी मीच तो घेऊन धावत वर गेले. दाराबाहेर स्ट्रेचरवर एक वयस्कर गृहस्थ डोळे मिटून पडले होते. त्यांच्या मुलीने मला थांबवून विचारले, "सकाळपासून बाबांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही हो. आज होणार ना?" मी मान हलवली आणि आत शिरले. विलंबाबद्दल मला खुलासा विचारण्यात आला, तेव्हा मी "यंत्रात तांत्रिक अडचण" असे लिहून दिले. त्यावरून मिस्त्री आले, अर्धा दिवस यंत्र उघडून बसले आणि "बाई, याला काही झालेलं नाही," असे सांगून सही घेऊन गेले. त्यांचे म्हणणे खरे होते. यंत्र ठीक होते हे मी येथे लेखी कबूल करीत आहे.

घरीही हेच चालले होते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी जेवणाचा डबा घासत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सात वेळा धुतलास. मी मोजलं," त्या म्हणाल्या. आता पाण्यावरून बोलणी बसणार असे मला वाटले. त्यांनी नळ बंद केला, टॉवेल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमच्याच दवाखान्यात याचे डॉक्टर आहेत ना? मग वाट कसली बघतेस?"

वाट पाहिली की काय होते हे मी जवळून पाहिलेले आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. माझी मावशी शिवणवर्ग चालवते. ती अर्ध्या रस्त्यातून घरी परत येऊन कुलूप ओढून पाहायची. आम्ही भाचरे तिला कुलूपमावशी म्हणायचो आणि तीही आमच्याबरोबर हसायची. "स्वभावच आहे तिचा," असे म्हणत घरातल्यांनी दोन वर्षे काढली. मग तिने घराबाहेर पडणेच सोडले. मग जेवण सोडले. शेवटी चार जणांनी उचलून तिला रुग्णालयात न्यावे लागले. आज ती बरी आहे, पुन्हा कापड बेतते, पण अजूनही म्हणते, "मला तेव्हाच कुणीतरी हाताला धरून न्यायचं होतं गं." महोदय, मी सध्या कुलूप ओढून पाहण्याच्या टप्प्यावर आहे.

म्हणून १६ एप्रिलला मी आस्थापना शाखेत जाऊन पहिला अर्ज दिला. कामाच्या वेळेत समुपदेशनास जायचे तर विहित नमुना भरावा लागतो आणि त्यात "घटनेचे स्वरूप व साक्षीदार" असा रकाना आहे. तेथे मी "घटना नाही" असे लिहिले. अर्ज परत आल्यावर मी पुन्हा शाखेत गेले. तेथील लिपिक भला माणूस आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारले, "बेशुद्ध पडलात का ताई?" मी नाही म्हटले. "कोणाच्या अंगावर धावून गेलात? निदान ड्यूटीवर मोठ्याने रडलात तरी?" मी त्यालाही नाही म्हटले. "मग मी साहेबांपुढे ठेवू काय?" त्यांचा चेहरा खरोखर पडला. थोड्या वेळाने खाजगी आवाजात म्हणाले, "असं करा, जिन्यात चक्कर येऊन पडल्या, असं लिहा. साक्षीदार दोन मी देतो." मी पेन हातात घेतले होते, हेही सांगते. पण यंत्राच्या नावावर एक खोटे आधीच घातले होते. जिन्याच्या नावावर दुसरे घालवेना. मी दुसरा अर्जही खराच लिहिला. तो परत आला तो माझ्या चालण्याची आणि अक्षराची वाखाणणी करणारा शेरा घेऊन. अक्षर सुवाच्य आहे, कारण तो अर्ज मी अकरा वेळा लिहिला होता. दहा कागद फाडून टाकले. ते कोणी पाहिले नाहीत.

त्यानंतर दि. ६ जून रोजी माझी साप्ताहिक सुटी योगायोगाने बुधवारी आली. मी साध्या कपड्यात येऊन सर्वसाधारण रुग्णांच्या रांगेत उभी राहिले. केसपेपरच्या खिडकीवरचे गृहस्थ मला ओळखतात. "कोणासाठी काढायचा, ताई?" त्यांनी विचारले. "माझ्यासाठी." त्यांनी एकदा वर पाहिले, आणि नाव लिहून घेतले. एवढेच झाले. ज्या क्षणाच्या भीतीने माझे दोन महिने गेले होते तो इतका लहान निघाला.

समुपदेशक मॅडमनी विचारले, "तुम्हाला कोणी पाठवलं?" मी म्हटले, "कोणी नाही. माझी मीच आले." त्यांनी मला सगळे बोलू दिले. कात्री, सात वेळा धुतलेला डबा, स्ट्रेचरवरचे गृहस्थ, सगळे. मी पायांची जागा सारखी बदलत होते तरी त्यांनी मला स्वस्थ बसा म्हटले नाही. नंतर म्हणाल्या, "बरं झालं आत्ता आलात. आत्ता हे आवरणं आपल्या दोघींच्या हातात आहे. दर आठवड्याला या." त्यांनी एक काम दिले : एक फेरी झाली, रेघा काळ्या झाल्या, की ट्रे टेबलावर ठेवायचा, दहा मिनिटे नुसते बसायचे आणि मग वर पाठवायचा. "अस्वस्थ वाटेल. वाटू द्या. उठू नका."

गुरुवारी मला ते जमले नाही. चौथ्या मिनिटाला ट्रे पुन्हा यंत्रात गेला. शुक्रवारी मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. पाय हलत होते, मानेवरून घाम उतरत होता, आणि ट्रे माझ्याकडे पाहतो आहे असे वाटत होते. आठव्या मिनिटापर्यंत वाढत गेले. मग, मी काहीही केलेले नसताना, ते आपोआप थोडे ओसरले. ट्रे वर गेला. दिवसभर फोनकडे माझे कान होते. वरून फोन आला नाही. शनिवारी पाचपैकी तीन ट्रे एकाच फेरीत गेले, दोन नाही. मी बरी झाले असे माझे म्हणणे नाही. पण माझी साप्ताहिक सुटी दर आठवड्याला बदलते आणि बुधवारी ती आता सहा आठवड्यांनी येणार आहे. तोपर्यंत हा शुक्रवार माझ्या हातून निसटेल अशी मला भीती वाटते.

सबब नम्र विनंती की, मला पुढील तीन महिने दर बुधवारी दहा ते अकरा या वेळेत दुसऱ्या मजल्यावरील मानसोपचार विभागात जाऊ द्यावे. मला कक्षातून हलवू नये. काम मला आवडते आणि मॅडमच्या मते तेथेच राहून हे सुटायचे आहे. तसेच नमुन्यातील घटनेचा रकाना न भरताही अर्ज घेतला जावा, अशी माझी सूचना आहे. त्या रकान्यात लिहिण्याजोगे काही माझ्या हातून घडेल, तेव्हा ते कदाचित वर ट्रेची वाट पाहणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतलेले असेल. तेव्हा माझा अर्ज तत्परतेने मंजूर होईल, पण मला तो नको असेल.

येत्या बुधवारी, १३ तारखेला, सकाळी दहा वाजता मॅडमनी मला बोलावले आहे. त्या दिवशीच्या पहिल्या तीन शस्त्रक्रियांचे ट्रे नऊपर्यंत वर पोहोचलेले असतील आणि कक्षाची किल्ली माझ्या सहकारी बाईंकडे असेल. परवानगी आली असेल तर नोंदवहीत तसे लिहून जाईन. आली नसेल तरी जाईन. त्या तासाची गैरहजेरी लावावी. माझी हरकत नाही. मला बोलावून आणण्यासाठी माणूस पाठवायचा झाल्यास त्याला फार शोधावे लागणार नाही. दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक चौदाच्या बाहेर, बाकावर मी माझा नंबर येण्याची वाट पाहत बसलेली असेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
वरिष्ठ सहायक, निर्जंतुकीकरण कक्ष, तळघर
दिनांक : ११ जून, सोमवार

सोबत : मागील दोन्ही अर्ज शेऱ्यांसह, केसपेपरची छायाप्रत.