अर्जाला जोडायचं पान

पेठ वडगाव,
रविवार सकाळ

प्रिय भाग्यश्री,

तुझ्या सासूला आज पत्र लिहायची हुक्की आली आहे, तेव्हा फोन बाजूला ठेव आणि निवांत बस. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही दोघं 'हो आई, हो आई' करता आणि माझं म्हणणं अर्ध्यातच राहतं. शिवाय आज जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले तर मी एक तर रडेन, नाही तर चिडेन. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या बाईला दोन्ही शोभत नाही.

परवा वृषभचा फोन आला. या वेळी तू अर्ज करणार नाहीस म्हणाला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या तुझ्या कामाला दोनदा नकार मिळाला, आता तिसऱ्यांदा कोणापुढे हात पसरायचे नाहीत, हैदराबादच्या औषध कंपनीतली नोकरी घ्यायची, असं तुझं ठरलंय म्हणे. अर्जाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे, तोवर गप्प बसलं की प्रश्न मिटला. सगळं हळू आवाजात सांगत होता, म्हणजे तू शेजारच्या खोलीत असणार.

मी त्याला विचारलं, पैसे देणाऱ्यांना नेमकं खटकतंय काय? तो सांगत गेला आणि मी कागदावर उतरवून घेत गेले. तुझं म्हणणं मला समजलं ते असं, की पन्नाशीनंतर अचानक साखर निघते आणि त्याच सुमारास वजन उतरू लागतं, अशांपैकी थोड्या जणांच्या स्वादुपिंडात गाठ धरत असते. ती माणसं वेळेत हुडकली तर ऑपरेशनला निदान सवड मिळेल. पण अर्ज तपासणारे म्हणतात, वजन कधीपासून उतरलं हे घरच्यांना आठवत नाही, गावाकडे घरोघरी वजनकाटे नाहीत, त्यात उपासतापास. मग तुमच्या तारखा खऱ्या कशा मानायच्या? आक्षेप चुकीचा नाही. पेपर तपासताना मीही लाल पेनाने हेच विचारलं असतं. वृषभ आणखी एक गोष्ट बोलला, ती मात्र मनातून जाईना. दुसऱ्या कॅन्सरमधून वाचलेली माणसं पुढे येतात, संस्था काढतात, सरकारच्या मागे लागतात. या आजारातून वाचणारेच थोडे, म्हणून त्याच्या संशोधनासाठी पैसे मागणारेही थोडे. म्हणूनच पैसे देणाऱ्या त्या धर्मादाय संस्थेला अर्जासोबत रुग्णाच्या घरच्या माणसाने लिहिलेलं एक पान लागतं. ते पान तू माझ्याकडे दोन्ही वेळा मागितलंस. दोन्ही वेळा मी 'तसलं लिहायला मला जमत नाही' म्हणून टाळलं.

आता थोडं तुझ्याविषयी. यांचं, तुझ्या सासऱ्यांचं, हेच दुखणं डिसेंबरात कळलं आणि मार्चमध्ये हे गेले. त्यातले अकरा आठवडे तू पुण्याची प्रयोगशाळा सोडून इथे येऊन राहिलीस. गोळ्यांच्या वेळांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलास. कोल्हापूरच्या डॉक्टरांशी भांडून यांच्या वेदनेवरचं औषध वाढवून घेतलंस, आणि 'सोसायची सवय लावून घ्यावी' म्हणणाऱ्या माझ्या मोठ्या जावेला दारातूनच परत पाठवलंस. तेव्हा मला तुझा राग आला होता. मुगाचं कढण पचेना, तर जेवणाबरोबर कसल्या तरी कॅप्सूल सुरू करून घेतल्यास आणि ते पचायला लागलं. आपल्या बियाणांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगायचे, "आमची सून डॉक्टरीन हाय, पर सुई टोचाय येत न्हाई तिला." तू हसायचीस. यांचे शेवटचे दिवस कण्हण्यात गेले नाहीत, हे शांत झोपत होते, माझा हात हातात घेऊन बियाणांच्या भावावर बोलत होते, ते तुझ्यामुळे. चार वर्षांत हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. आज म्हणते. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, पोरी.

आणि त्याची परतफेड मी कशी केली, तेही लिहिते. हे गेल्यावर चौथ्या दिवशी समाचाराला आलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर मी बोलले, की साखरेवर पीएच.डी. केलेली सून घरात, आणि तिला सासऱ्याची साखर कळली नाही. तू चहाचे कप गोळा करत होतीस, गोळा करत राहिलीस. सहा महिन्यांनी तू संशोधनाचा विषय बदललास. वृषभला वाटलं, तुला पुढे जायची संधी दिसली. मला मात्र कारण माहीत होतं.

त्या वर्षीचं पर्युषण तुला आठवत असेल. यांनी दहांपैकी सात दिवस एकवेळ जेवून काढले आणि शेवटचे तीन दिवस नुसत्या पाण्यावर. जैन बस्तीत यांचा सत्कार झाला, मला साडी मिळाली. तोवर यांचे गाल आत गेले होते, पण सगळ्यांना ते तपाचं तेज वाटलं. दुकानातला जोतीराम तर म्हणाला, "वैनीसाब, तात्यास्नी ह्यो उपास लई मानवला बगा, पोट पार गेलं की!" मी त्याला प्रसादाचा लाडू जास्तीचा दिला. जुलैच्या आरोग्य शिबिरात साखर निघाली होती, तर उपवासाने तीही आटोक्यात येईल असं आम्ही दोघं म्हणत होतो. शिकलेली-सवरलेली माणसं आम्ही, आणि आनंदाने फोटो काढून घेत होतो.

आता इकडची बातमी. आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या बायडाबाईला महिनाभरापूर्वी साखर निघाली, आणि बाई वाळतही चालली होती. मला धस्स झालं. कधीपासून वाळतेयस म्हणून विचारलं, तर तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "बेंदराच्या सनाला चोळी फिट्ट हुती, नागपंचमीला खांद्यावरनं घसराय लागली." मी तिला हाताला धरून कोल्हापूरला नेलं, सगळ्या तपासण्या करायला लावल्या. निघालं काय, तर थायरॉईड! आता गोळी चालू आहे आणि बाई माझ्यावर रुसली आहे, एवढं सुया टोचून घेतलं आणि 'काय मोठं न्हाईच निघालं' म्हणून. पण वृषभचा फोन ठेवल्यावर तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं. भाग्यश्री, तुमचा फॉर्म चुकीचा प्रश्न विचारतो. किती किलो आणि कोणती तारीख, हे कोणालाच सांगता येणार नाही. चोळी कधी आवळली, पट्ट्याला नवं भोक कोणत्या सणाला पाडलं, बांगडी कधीपासून निसटते, असं विचार, आणि आजाऱ्याला न विचारता त्याचे कपडे सांभाळणाऱ्या बाईला विचार. तिला सगळं ठाऊक असतं.

ठाऊक असतं, हे मी खात्रीने लिहिते, कारण मला ठाऊक होतं. नव्या कामातला पहिला फॉर्म तू यांचाच भरायला घेतलास, माझ्यासमोर बसून. वजन कधीपासून उतरलं म्हणून विचारलंस आणि मी म्हणाले, पर्युषणापासून. तू 'कारण उपवास' असं लिहिलंस आणि यांचं नाव तुझ्या मोजणीतून बाहेर ठेवलंस. ते खोटं होतं. यांच्या पँटची कंबर मी जूनमध्ये आवळली होती, शाळा उघडायच्या आठवड्यात. शेजारच्या मुलीचा गणवेश शिलाई मशीनवर होता, तो बाजूला करून आधी यांच्या दोन पँटी घेतल्या. जुलैत साखर निघाली त्याच आठवड्यात पुन्हा आवळल्या. सत्काराच्या दिवशीही मला हे माहीत होतं. आधी कौतुक गोड लागलं म्हणून बोलले नाही. नंतर तुझ्यावर ठपका ठेवून बसले होते, म्हणून बोलवेना. काल क्षमावाणी झाली. दरवर्षी 'उत्तम क्षमा' असा फुलांचा मेसेज मी दीडशे जणांना पाठवते, त्यात तुलाही, आणि चूक न सांगताच क्षमा मिळाली असं धरून चालते. या वर्षी तुला तो पाठवला नाही, त्याऐवजी हे पत्र. सोबतच्या पानावर जूनसकट सगळं लिहून खाली सही केली आहे. यांना तुझ्या मोजणीत घे. समाचाराला आलेली जी माणसं आज गावात आहेत, त्यांच्या घरी मी उद्यापासून जाणार आहे आणि हेच सांगणार आहे. अर्ज करायचा की हैदराबादला जायचं, ते तू ठरव. मी दोन्हीत तुझ्या बाजूने आहे. फक्त सासऱ्यांचं दुखणं आपल्या नजरेतून निसटलं, याचं प्रायश्चित्त म्हणून हे काम करत असशील, तर ते आजपासून थांबव. तुझ्या नजरेतून काहीही निसटलं नाही, बाळा. मी ते तुला दिसू दिलं नव्हतं.

तुझीच,
सासू म्हणवून घ्यायला आज थोडी लाजणारी,
त्रिशला