उसाच्या चोथ्याची पेटी

बुधवार, संध्याकाळ. वाकोला.

मासळीसाठी थर्माकोलऐवजी उसाच्या चोथ्याच्या फोमची पेटी, हे मेघाताईचं दोन वर्षांचं काम. मी फक्त रसवंत्यांवरून चोथा आणतो आणि पेट्या सुकवतो. दोन दिवस सुकवायच्या असतात. आजची पेटी मी एका दिवसातच काढली, कारण मला आरेच्या जंगलात भटकायचं होतं. तिथे बिबट्याचे ठसे दिसले म्हणे... जाऊ दे ते.

आज बाजारात कोळीण मावशीने त्या पेटीत बर्फ भरला आणि तासाभरात एक कोपरा बसला. मावशीने अंगठा दाबला, तर सरळ आत. "अरे पोरा, ही पेटी हाय का पाव?" सगळ्या हसल्या. मीपण हसलो, च्यायला.

ताई हसली नाही. त्याच कोपऱ्यात तिनेही अंगठा दाबून पाहिला. "नीट सुकवली होतीस ना रे?"

"हो ना ताई, पूर्ण दोन दिवस."

लगेच विश्वास ठेवला तिने. म्हणाली, "मग चोथ्यातच दम नाही. उद्यापासून हे बंद."

तो कोपरा डोळ्यांपुढून जात नाही. खरं सांगितलं तर हाकलेल? हाकलू दे. मला दुसरं काम मिळेल, पण तिची दोन वर्षं?

लावतोच फोन. आधी जरा खाली जाऊन चहा मारून येतो.