हात न मिळवल्यामुळे बंद झालेल्या गाडीबाबत

विलो क्रॉसिंग, सस्कॅचेवान
दि. ११ फेब्रुवारी

प्रति,
मा. ग्लेन मॅकफेडन,
अपंग प्रवास सेवा अधिकारी,
नगर कार्यालय, विलो क्रॉसिंग.

विषय : लेस्या पाल्चिन्स्की यांची घरपोच गाडी पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : गाडी बंद केल्याचे आपले पत्र आणि शनिवारचा कर्लिंगचा सामना.

महोदय,

सविनय निवेदन की, माझी पत्नी लेस्या हिला बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरले नाही आणि दृष्टी गेली. डोळे ठणठणीत आहेत. ते पाहतात ते मेंदूला उमगत नाही. तिला फक्त हलणारी वस्तू पुसटशी दिसते. वस्तू थांबली की गेली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

शनिवारी कर्लिंगच्या रिवाजाप्रमाणे ती बर्फावरून सरकत्या दगडाची वाट गुळगुळीत करायला त्याच्यापुढे झाडू मारताना आपणास दिसली. दगड सरकत होता, म्हणून तिलाही दिसला. तो थांबल्यावर ती त्यालाच अडखळून पडली. परंतु तेव्हा आपला संघ हरत असल्याने आपले लक्ष नसावे.

सामन्यानंतर आपण रिवाजाप्रमाणे हात पुढे करून स्तब्ध उभे राहिलात आणि ती सरळ निघून गेली. आपल्या गावात माणूस सख्ख्या भावाशी बोलणे टाकेल, पण हात मिळवणे टाकणार नाही, हे मी जाणतो. त्यातच तिच्या कप्तान डोरीनबाईंनी "आमच्या आंधळीने तुमच्या डोळसांना पाणी पाजलं" असे म्हणायला नको होते.

आपल्या पत्रात दोन कारणे आहेत : तिला दिसते, आणि ती उद्धट आहे. महोदय, हात दिसला असता तर उद्धटपणा मान्य. घरी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ग्लेन होता तिथे? मग हलायचं ना मेल्याने." शब्द तिचे आहेत, क्षमस्व.

गाडीअभावी तिचे शिकवणीचे वर्ग बुडत आहेत. तिथे तिला एकटीने मूल सांभाळायला शिकवतात. मी दिवसभर धान्याच्या कोठारावर असतो. तिला हे जमले नाही, तर आमच्या तान्ह्या मुलीला, दारकाला, रेजायना शहरात माझ्या आईकडे ठेवावे लागेल.

तरी आपण स्वतः घरी येऊन तपासणी करावी. काही फेकून पाहू नये, बोलू नये. नुसते स्तब्ध उभे राहावे. ती आपल्या शेजारून निघून जाईल, तेव्हा राग मानू नये. दारका झोपली की लेस्याला तीही दिसत नाही. पाळण्यात हात घालून ती पोर चाचपते, आणि पोर जागी होऊन हातपाय झाडू लागली की मगच हसते.

आपला नम्र,
व विरुद्ध संघातील खेळाडूचा पती,
ओरेस्ट पाल्चिन्स्की