बावीस ग्रॅमचे अठ्ठावीस गोळे

तीर्थरूप आत्याबाईंना,

आठपैकी सात अंगांनी नमस्कार. आठवं अंग म्हणजे डावा हात काल भाजला, त्याला मलम लावून उशीवर ठेवलाय, तेव्हा त्याचा नमस्कार बाकी समजावा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतात, तो आवाज कमी झाला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आहोत की नाही ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, दादा नीट जेवतो ना, आणि मी जोरात "हो हो" म्हणालो. साफ खोटं बोललो. काय करणार, तुमचे दादा, म्हणजे आमचे सासरेबुवा, शेजारच्याच खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगायचं तर सासूबाई गेल्यापासून, म्हणजे चार महिने झाले, ते सूप, दूध आणि पातळ लापशी यांपलीकडे गेलेले नाहीत. आणि याचं खापर फुटलंय माझ्या डोक्यावर. तुम्हाला माहीतच आहे, मी सव्वीस वर्षं कवळ्या करतो. माझ्या दातांनी जेवणारी माणसं आज गल्लोगल्ली आहेत, त्यातली दोघं तर उसाची कांडी सोलून खातात. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात सासरेबुवांची जुनी कवळी हातातून बेसिनमध्ये पडून दुभंगली. (ती माझ्या गुरुजींनी केलेली होती. गुरुजींचा हात मोठा, प्रश्नच नाही, पण पुढच्या वरच्या दोन दातांत त्यांनी चांगली ज्वारीचा दाणा अडकेल एवढी फट ठेवली होती. म्हातारपणी माणसाची नजर चुकते. मी तुकडे टाकून दिले आणि नवी कवळी करताना ती फट बुजवली, गुरुजींची चूक चारचौघांत न बोलता सुधारली.) तर ही नवी कवळी, जी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर कवळी म्हणून कोणालाही दाखवली असती, सासरेबुवा म्हणाले टोचते. मी घासली. पुन्हा टोचते. पाच वेळा घासली! निळा कागद चावायला देऊन एकेक ठिपका तपासला, सगळे ठिपके जागच्या जागी. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या सासऱ्यांनी माझ्या दातांना नावं ठेवावीत, हे किती जिव्हारी लागलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आता वजनाचं ऐका. डॉक्टर दर गुरुवारी त्यांना काट्यावर उभं करतात. गेल्या गुरुवारी काटा साडेसत्तेचाळीसवर गेला आणि आम्ही खूश झालो. घरी आल्यावर तुमच्या भाचीने त्यांचा कोट खुंटीला लावायला घेतला, तो निसटून तिच्या पायावर पडला आणि ती किंचाळली. दोन्ही खिशांत एकेक पितळी वजन! अर्धा किलो, अर्धा किलो. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सरकारी निरीक्षक म्हणून बाजारात फिरून लोकांचे काटे तपासले, खोट्या वजनांबद्दल दुकानदारांना कोर्टात खेचलं, त्या माणसाने हे करावं? विचारलं तर म्हणाले, सवय आहे, खिशात वजन असलं की बरं वाटतं. डॉक्टरांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनीही शांतपणे खरं सांगितलं. पुढच्या गुरुवारी काटा सेहेचाळीसच्या खाली गेला तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची. काल बुधवारी सकाळी घरच्या काट्यावर बरोबर सेहेचाळीस भरले. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे सगळं आलं बुधवारच्या रात्रीच्या जेवणावर. बायकोला वाचनालयात आठपर्यंत काम. तिने सकाळी माझ्या हातात दवाखान्यातल्या मासिकाचं फाडलेलं पान ठेवलं (हो, फाडलेलं. वाचनालयात नोकरी करणाऱ्या बाईने!) आणि म्हणाली, मऊ आहे, पौष्टिक आहे, चावायचं पण आहे, एवढं करा. त्यावर लिहिलं होतं, दमूनभागून घरी आल्यावर करण्यासाठी अगदी सोपे, ओव्हनमध्ये भाजलेले तेरियाकी मीटबॉल, म्हणजे जपानी सॉसमधले खिम्याचे गोळे. पस्तीस मिनिटं. ज्याने कोणी हे "अगदी सोपे" लिहिलंय त्याला एकदा माझ्यासमोर आणा. आमच्या घरात ओव्हन आहे हे मला त्या पानावरून आठवलं. शेगडीखालच्या त्या कपाटात आम्ही दहा वर्षं ताटल्या आणि झाकणं ठेवतो.

सहा वाजता सुरुवात केली. अर्धा किलो कोंबडीचा खिमा, एक अंडं, पावाचा चुरा, पातीचा कांदा, आलं, लसूण. "लिंबाएवढे गोळे करा" असं पानावर होतं. लिंबाएवढे म्हणजे केवढे? लिंबं काय साच्यातून निघतात? मी प्रयोगशाळेतला छोटा काटा घरी आणला होता, त्यावर एकेक गोळा बावीस ग्रॅमचा तोलला. अठ्ठावीस झाले. सॉसचं मात्र मला कोणी शिकवायला नको. सोया सॉस, मध, व्हिनेगर, आणि घट्ट करायला कॉर्नफ्लोअर. भुकटी पाण्यात सोडायची, पाणी भुकटीत नाही. हे मी प्लॅस्टर कालवताना रोज करतो. एक गुठळी झाली नाही. पण कौतुक करायला कोण होतं? सासरेबुवा. ते काल आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा! मला वाटलं, चला, भूक लागली, वासाने काम केलं. मी ओव्हनमधल्या ताटल्या काढायला वाकलो तर म्हणाले, जावईबापू, हे कढईत नाही का होणार? मी म्हटलं, पानावर ओव्हन आहे. थोड्या वेळाने म्हणाले, वीज फार जाळतं हो ते. मग म्हणाले, इतक्या वर्षांनी चालू केलं तर शॉक बसेल. केवढी काळजी करतायत माझी, असं वाटून मला भरून आलं. दोनशे अंशांवर ओव्हन तापायला लावला आणि त्यांना म्हटलं, बाबा, आता तुम्ही कवळी लावून या, पहिला गोळा तुमचा. ते जागचे हलले नाहीत. कपाळावर घाम, नजर ओव्हनच्या दारावर.

सात वाजून पाच मिनिटांनी वास आला. आत्याबाई, जगातले सगळे वास मी विसरेन, पण तापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या प्लॅस्टिकचा, वास विसरणार नाही, सव्वीस वर्षं त्यातच गेली. दार उघडलं, वरच्या जाळीवर अगदी मागे एक स्टीलची डबी. फडकं घ्यायचं भान कुठलं! हाताने उचलली, ओरडलो, टाकली, आणि डबी उघडून फरशीवर पडली माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर कवळी. वरचा भाग खालच्याला चिकटून अशी वाकडी झाली होती की जणू मलाच हसत होती.

मी फार बोललो. लिहायला लाज वाटते असं बोललो. तुम्हाला मरायचंय का, असंही म्हणालो. सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. सासरेबुवा ऐकत राहिले. मग म्हणाले, टोचत नाही ती. कधीच टोचली नाही. चांगली आहे, फार चांगली आहे. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, जुन्या कवळीत फट होती, बोलताना त्यातून बारीक शीळ यायची. मुळात ती फट त्यांच्या खऱ्या दातांत होती, आणि दात पडल्यावर सासूबाईंनी स्वतः गुरुजींकडे जाऊन ती मागून घेतली होती. आतल्या खोलीतून सासरेबुवांनी हाक मारली की शिळेवरून सासूबाईंना कळायचं, आणि त्या "आले" म्हणायच्या. नवी कवळी लावल्यावर पहिल्याच दिवशी, घरात कोणी नसताना, त्यांनी सवयीने हाक मारली. आवाज स्वच्छ आला. "जावईबापू," ते म्हणाले, "मला वाटलं, कोणी परका माणूस माझ्या बायकोला हाक मारतोय."

आत्याबाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक गुरुजींची नव्हतीच. मी खाली फरशीवरच बसलो, हात नळाखाली धरायचंही सुचेना. ते सासरेबुवांनी सुचवलं. मी म्हटलं, बाबा, दुसरी करून देतो, फटीसकट, पण आज जेवा. निरीक्षक ते, लगेच म्हणाले, फट किती? मी म्हटलं, साधारण दोन मिलिमीटर. साधारण चालणार नाही, म्हणाले. माप आणा. मी म्हटलं, आणतो. कुठून आणणार होतो देव जाणे, तुकडे तर मीच कचऱ्यात टाकलेले!

तोवर साडेसात झाले होते. खिडक्या उघडल्या, ओव्हन व्हिनेगरने पुसला, एका हाताने गोळे ट्रेमध्ये लावले, सासरेबुवांनी एकेकावर सॉस सोडला, अगदी थेंब मोजून. वीस मिनिटं आम्ही दोघं काचेतून बघत बसलो. दार वाजलं आणि गोळे ताटलीत पडले, एकाच वेळी. बायकोने आत पाऊल टाकताच नाक मुरडलं आणि विचारलं, काय जाळलंत? सासरेबुवा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तेरियाकी, लांबचा पदार्थ आहे, वास असाच येतो. तिने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि ताटं मांडायला घेतली. सासरेबुवांनी काट्याने गोळा सॉसमध्ये चुरला आणि नुसत्या हिरड्यांनी खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला थांबले तेव्हा मी श्वास रोखला, पण ते पाणी प्यायला थांबले होते. सहा खाल्ले. सहा!

आज गुरुवार. खिसे मी स्वतः तपासले, मोजेसुद्धा काढायला लावले. सेहेचाळीस किलो एकशे वीस. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिलेत. उरलेले गोळे आज दुपारी संपले, त्यातले पाच त्यांनी. सॉस मात्र उत्तम झाला होता हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. तब्येतीला जपा, जिना सावकाश चढा.

तुमचा एका हाताचा,
भाचीजावई

ता. क. मासिकातल्या कृतीच्या पानामागे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आहे, ती कापून सोबत ठेवली आहे. कृतीचा शेवटचा परिच्छेदही तिच्यासोबत येईल, तो सांभाळून परत करा.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. तुमच्याकडे त्यांच्या लग्नाच्या वेळचा अल्बम आहे. त्यात सासरेबुवा दात दाखवून हसतायत असा एखादा फोटो लगेच पाठवा, मला भिंगाखाली फट मोजायची आहे. पंधराच दिवस आहेत. आणि डबीचं बायकोला कळू देऊ नका, मी सासरेबुवांना शब्द दिलाय.

ता. क. ३. (वेगळ्या अक्षरात) चि. सौ. ताईस आशीर्वाद. जावयाने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, पाकीट चिकटवलेले नव्हते, म्हणून वाचले. गोळे बावीस ग्रॅमचे म्हणतो ते कच्चे असताना. भाजल्यावर मी चार तोलले, अठराच भरले. कच्चे वजन सांगणे हा गुन्हा आहे, पण या वेळी सोडून दिले. डबी मी ओव्हनमध्ये लपवल्याचे पोरीला सोमवारपासूनच ठाऊक होते. म्हणूनच ओव्हनची कृती आणली, आज दवाखान्यात तिनेच सांगितले. नवरा तापवण्याआधी आत बघेल असे तिला वाटले होते. हसण्याचा फोटो पाठवू नकोस, तो मी फोटोवाल्यासाठी हसलो होतो. बागेतला पाठव. त्यात तुझी वहिनी लांब झाडापाशी पाठमोरी आहे आणि मी तिला हाक मारतो आहे. तोंड चांगले उघडे आहे, माप बरोबर मिळेल.