गोळीचा खाडा

बाबा, तुझ्या तांबड्याची गोळी आमी कमी करतोय. तू गेलास तवा तो एवढंसं कुत्र्याचं पिल्लू होता, तुझी चप्पल तोंडात धरून अंगनभर पळायचा. आता म्हातारा झालाय. मधी त्याला खाज सुटली, केस गेले, रगात येईपर्यंत खाजवायचा. काकानं बाजारातल्या मेडिकलवाल्याला इचारून एक बारीक पांढरी गोळी आनली. खाज लगेच थांबली. मग काय, गोळी चालूच राहिली, वर्षानुवर्ष. बंद कर असं कुनी बोललंच नाय. यंदा त्याचं पोट मडक्यासारखं झालं, पाय काटकुळे, अन् पानी तर इतकं प्यायचा की घमेलं पुरायचं नाय. वटीवरच मुतायचा. म्हून मी त्याला टेंपोत घालून भिसेगावला जनावरांच्या डॉक्टरीनबाईंकडं नेला. तुला काय सांगू, मला चार मानसांत बोलाया येत नाय. शाळा पन त्याच्यामुळंच सुटली, उभं केलं की घशातून आवाजच निघायचा नाय. पन त्या दिवशी बोलली. बाईंनी त्याचं पोट दाबून बघितलं. "हे गोळीनंच झालंय," त्या म्हनाल्या. "पण एकदम बंद करू नकोस हां, मरेल. जे शरीरानं स्वतः बनवायचं ते याच्या शरीरानं सोडून दिलंय, आयतं मिळतंय ना. हळूहळू परत सवय लावायची." मग गोळी आर्धी केली. नंतर एक दिवस आर्धी, एक दिवस खाडा. पानी कमी प्यायला लागला की समजायचं, जमतंय.

पानी काय कमी होईना. खाड्याच्या दिवशी पन घमेलं कोरडं. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघून इचारलं, "घरात कोणी गुपचूप देतंय का गं?" तवापास्न माझी नजरच बदलली, बाबा. पयला संशय काकावर. तो फार्महाऊसवर वॉचमन हाय, तांबड्याला संगं नेतो. मुंबईच्या पाव्हन्यांसमोर कुत्रं खाजवत बसलं की त्याला शरम वाटते. मी त्याच्या शर्टाचे खिसे चाचपले, नुसत्या बिड्या निघाल्या. मग एकदा कुंपनामागं उभी राहून बघत होती तर त्यानं धरलीच.

"काय गं, पोलिसात भरती झालीस काय?"

मी घराकडं वळली, तर तो मागनं ओरडला.

"माज्या भावाचं कुत्रं हाय ते. त्याला मी इख घालीन व्हय? इचारायचं तर तोंडानं इचार की, मांजरीवानी मागं मागं काय फिरतेस!"

तरी मला तो खरा वाटला नाय. जास्त ओरडतो त्याच्याच मनात काय तरी असतं, असं वाटायला लागलं होतं मला.

मग एका खाड्याच्या सकाळी मी दारात केर काढतेय. आई चुलीपाशी फार्महाऊसच्या ऑर्डरीच्या भाकऱ्या थापतेय. आपल्यात पयली भाकर कुत्र्याला, ती आईच घालते, दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय. तांबड्यानं तुकडा तोंडात घेतला अन् थुंकला. तोंडाला फेस. मी गोळी देते तवा असाच फेस येतो, लई कडू असते ती. मी तुकडा उचलला अन् जिभेवर ठेवला. कडूजहर.

"आई, भाकर कडू कशी?"

"अगं ए, कुत्र्याच्या तोंडातलं खातेस?"

"गोळी तू देतेस ना?"

तिचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं ध्यान नाय. मग म्हनाली, "तुज्या बापाला पन हीच गोळी व्हती. दम्याची. खोपोलीचा डॉक्टर बोलला सोड, म्हून सोडली, अन् आठवडा नाय काढला त्यानं. आता माज्या दारात कुनाची गोळी सुटायची नाय."

मला हे म्हाईतच नव्हतं. मला नुसते तुझे गाल आठवतात. खोपोलीच्या कंपनीतनं आलास की मला मांडीवर घ्यायचास, मी दोन्ही हातांनी गाल दाबायची अन् तू फुर्र करून हवा सोडायचास. फोटोत पन तसाच गोल हायेस. लोक म्हनायचे गडी सुखात हाय. ते सुख नव्हतं, ती गोळी होती. आईला मी सांगून बघितलं, एकदम सोडनं येगळं, हळूहळू सोडनं येगळं. ती ऐकेना. शेवटी बाईंना फोन लावून तिच्या कानाला दिला. ती नुसती "हां, हां" करत होती, अन् पिठाच्या हातानं डोळं पुसत होती. आता खाड्याची भाकर ती माझ्यासमोर मोडते. तांबड्याला थोडी खाज परत आलीय, कडुलिंबाच्या पान्यानं धुते मी. पन घमेल्यात संध्याकाळी पानी शिल्लक राहतं, अन् परवा माकडांच्या मागं पार बांधापर्यंत धावला.

पन संशय एकदा घरात शिरला की जात नाय. ह्या बाईंना कुत्र्याचं कळतं अन् खोपोलीच्या डॉक्टरला मानसाचं कळत नव्हतं? आई बोलता बोलता बोलून गेली की त्याच टायमाला कंपनीत कायम करायच्या आधीची तपासनी होती. दमेकरी कुनाला पायजे? गोळी चालू असली तर दमा कळनारच. डॉक्टरकडं आई संगं नव्हती. डॉक्टर असं बोलला, हे घरी येऊन तूच सांगितलंस.

काल तिनंच मला इचारलं, "तो आपल्याच मनानं गोळी सोडील व्हय गं? मला बोलला नसता?" मी म्हनली, "नाय गं आई, डॉक्टरच चुकला." ती परत भाकर थापायला लागली. तिला वाचता येतं, म्हून हे लिहिलेलं घरात ठेवायचं नाय. त्या डॉक्टरचा दवाखाना अजून हाय म्हनतात. जाऊन इचारायला एक सकाळ पुरंल. काकाचे खिसे चाचपले मी, आईची भाकर चाखली. तिथं मात्र जायला मला भ्या वाटतं, बाबा.