सात मात्रांचं गाणं

३ एप्रिल, साखरखेर्डा

आज सकाळी सव्वादहाला माझं आयुष्य बदललं. विहारात तालीम होती. मयुरी माझं गाणं गायली — सात मात्रांत! एकदाही न चुकता!

परदेशी रॉक ऐकून ऐकून हे डोक्यात बसलंय. सगळी दुनिया चारात वाजवते. ते लोक पाचात वाजवतात, सातात वाजवतात. चारात पाय बरोबर पडतो. सातात पाय टाकायला जावं तर जमीनच सरकलेली! बी.एस्सी. मधेच सोडली तेव्हा बाबा म्हणाले होते, "येतं काय बे तुले?" हे येतं. आख्ख्या तालुक्यात ऑक्टोपॅडवर सात वाजवणारा मी एकटा!

माणिकमामांच्या गायन पार्टीत दोन वर्षं झाली मला. मामांनी तोंड वाकडं केलं. "लोक टाळी कुठं देतीन बे याच्यात?"

मयुरी म्हणाली, "देतीन, मामा. मले जमली तं त्यायले काऊन नाही जमनार?"

आणि माझ्याकडं बघितलं. पाव सेकंद.

४ एप्रिल

पाव नाही. अर्धा.

७ एप्रिल

चिंतामणकाका चाळीस वर्षं ढोलकी वाजवतात. त्यांनी गाणं एकदा ऐकलं अन् म्हणाले, "हे तं रूपक हाय, पोरा, सात मात्रांचा जुना ताल. मी हे शिकलो तवा तुहा बाप चड्डीत होता."

सगळे हसले. मयुरीसुद्धा! माझं डोकंच फिरलं. रूपकात पहिली मात्रा खाली असते, हलकी. माझ्या गाण्यात पहिल्याच मात्रेवर दणका! दोन, दोन, तीन. तसं सांगितलंच तोंडावर.

"बरं बाप्पा, तुह्यं वेगळं," काका म्हणाले. "वाजव आता."

मग माझ्या दणक्याखाली त्यांनी अशी ढोलकी लावली की अंगावर काटा आला. हे त्यांना सांगितलं नाही.

१२ एप्रिल

मामांची अट: भीमजयंतीचे कार्यक्रम महिनाभर चालतात, २० तारखेला दुसरबीडला आहे. गाणं तिथं उभं राहिलं तर यंदा सगळीकडं घेणार, बॅनरवर माझं नाव छापणार, 'संगीत — धम्मदीप'. पडलं तर "पुन्हा सातचं नाव काढाचं नाही."

कबूल!

१४ एप्रिल

जयंती. दिवसभर मिरवणूक. चार, चार, चार. हात सुजले. मयुरी पांढऱ्या साडीत होती. बाकी काही आठवत नाही.

२१ एप्रिल

काल दुसरबीड.

आधी लोक सवयीनं चारात टाळ्या द्यायला गेले अन् फसले. हशा. मयुरीनं गाणं थांबवलं. पुढच्या रांगेतल्या बायांना म्हणाली, "मावशी, माह्यासंग. टाळी, थांब. टाळी, थांब. टाळी, थांब, थांब." दोन फेऱ्यांत बायांनी धरली. मागून माणसांनी. आख्खा मंडप सातात! दुसरबीड सातात! मी रडायच्या बेतात होतो.

तिसऱ्या कडव्यात सगळं सांडलं. ढोलकी एकीकडं, मी एकीकडं. मी माईकवरच ओरडलो, "काका, सात मोजता येत नाही का?"

काकांनी गाणं संपेपर्यंत वाजवलं. ढोलकीला खोळ घातली, खाली उतरले. पार्टीच्या गाडीत बसले नाहीत. एसटीनं गेले.

जाऊ दे. चूक झाली तर ऐकून घ्यावं माणसानं.

२२ एप्रिल

मामा म्हणाले, "लोकायले आवडलं बे गाणं! बॅनरवर तुह्यं नाव येईन." जिंकलो!

पण काका पार्टीत यायला तयार नाहीत. मी म्हणालो, दुसरा ढोलकीवाला बघू.

मयुरी म्हणाली, "काका नसतीन तं मी गात नाही. रेकॉर्डिंग ऐकलं का तू? मोबाइलवर धाडलं ना."

"काऊन ऐकू? मी तिथंच होतो!"

"ऐक मनते ना."

"नको गाऊ मंग!"

गेली. मागं वळूनही बघितलं नाही.

२३ एप्रिल

नाही ऐकणार.

२४ एप्रिल, सकाळ

ऐकलं. बोटांवर मोजत, चारदा.

ढोलकी सातच. मी ओरडेपर्यंत प्रत्येक फेरी सात. तिसऱ्या कडव्यात मयुरी माझ्याकडं बघून हसली होती. तो क्षण तर मला पाठ आहे! तिथंच मी सहा मोजून दणका दिलाय. सातवी मात्रा मीच खाल्ली.

आणि पुढं ऐकलं ते याहून वाईट. मी माईकवर ओरडतो. त्यानंतर एक फेरी जाते, अन् काका मुद्दाम एक मात्रा सोडून मला गाठतात. सगळं परत जुळतं, मंडप टाळ्या देतो. गाणं उभं राहिलं ते असं. अपमान केल्यावर!

मामांना फोन केला, बॅनर छापू नका म्हणून. "काऊन बे?" म्हणाले. सांगितलं सगळं.

काकांच्या ओट्यावर या वेळी चहाला चार माणसं बसलेली असतात. असू देत. चारचौघांत बोललो, चारचौघांतच सांगणार. मयुरी तिथं नसेल. नसू दे.

निघालो. दार ओढून घेतो.