गाडीला लावलेली सलाइन

मोहाडी,
ता. १७ फेब्रुवारी १९८२

रा. रा. वासुदेवराव यांस,
श्यामराव मास्तरचा मोहाडीहून मनापासून नमस्कार.

आपली, आपल्या सौभाग्यवतींची आणि मुलांची प्रकृती उत्तम आहे असे धरून चालतो, कारण आपल्या कार्डात त्याविषयी काही नसते. इकडे मी बरा आहे. तुमच्या ताईचे गुडघे थंडीभर कुरकुरले, आता ऊन तापू लागल्यापासून गप्प आहेत. शेतातले लाखोरीचे पीक निघाले. सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात दिवसातून दोनदा औषध घालणे चालू आहे (तुमची ताई घालते, मी बाटली हलवून देतो) आणि त्या ठीक आहेत. हे अर्थात त्यांनी मला सांगितलेले नाही. तुमच्या घरची रीत तुम्हाला काय सांगावी? माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, पण सासूबाई माझ्याशी सरळ एक शब्द बोललेल्या नाहीत. मी समोर आलो की पदर डोक्यावर येतो, आणि मला काही सांगायचे असले तर त्या माझ्यादेखत भिंतीला सांगतात. पाऊस येईल असे दिसते, कोणी छत्री नेली तर बरे, असे भिंतीला म्हटले की मी छत्री घेतो. आमचे या पद्धतीने छान चालले आहे.

पत्रास कारण की, गाडी. चौदा महिन्यांपूर्वी नाताळच्या सुटीत तुम्ही तुमची एकोणसाठ सालची गाडी चालवत आमच्या दारात आलात, तिच्यातून आईंना उतरवले, त्यांची पेटी उतरवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चहा घेऊन साडेतीनच्या बसने नागपूरला परत गेलात. नव्या क्वार्टरमध्ये दोनच खोल्या, गाडीला जागा नाही आणि आईंनाही नाही, हे तुम्ही सांगितले आणि मी समजून घेतले. दोन खोल्यांत मीही संसार केला आहे. जाताना तुम्ही म्हणालात की आईला गाडीतून फिरवत जा, आणि गाडीने काही त्रास दिला तर नुसते कळवा, मी स्वतः येतो, तिची नस मलाच ठाऊक. हे तुम्ही दारात उभे राहून मोठ्याने म्हणालात. सगळ्यांनी ऐकले. त्यानंतर तुम्ही आलेला नाहीत. दिवाळीला येणार होतात, मग संक्रांतीला येणार होतात. सासूबाईंनी आपली बाज ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून टाकली आहे आणि बस आली की त्या उठून बसतात. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार गाडीची आहे.

पहिले सात-आठ महिने गाडीने काही म्हटले नाही, तुम्हीही काही म्हटले नाही. श्रावणातल्या झडीत प्लगची एक वायर ढिली झाली आणि गाडी मिसिंग मारू लागली. मी तुम्हाला कळवले, चौथ्या दिवशी तुमचे कार्ड हजर. मग आणखी एक कार्ड. वायर घट्ट केली, गाडी सुधारली, कार्डे थांबली. दिवाळीनंतर मात्र गाडीला जो रोग लागला तो अजून गेलेला नाही. रस्त्यावर ठीक, पण कुठे उभी केली की इंजिन एकसारखे चालत नाही. थरथरते, भुरभुरते, दचके देते, मागून काळा धूर सोडते. आणि पेट्रोल तर विचारूच नका. टाकीला भोक आहे की काय म्हणून मी खाली रात्रभर पितळी परात ठेवली होती. परात कोरडी निघाली (आणि तुमच्या ताईने ती तीनदा घासून घेतली, दोनदा माझ्याकडून).

तुम्ही कार्डांतून सांगितलेले सगळे उपाय केले, हे आधी मान्य करा. या चार महिन्यांत तुमची आठ कार्डे आली. प्लग काढून पाहा. पॉइंट घासा. एअर फिल्टर झटका. प्रत्येक कार्ड तुमची ताई सासूबाईंना वाचून दाखवते. शेवटी ‘आईस नमस्कार’ एवढे असते. ते झाले की सासूबाई विचारतात, आणखी काय लिहिले आहे? ताई पुन्हा वरून वाचते, प्लगचा गॅप पंचवीस ठेवा. त्या म्हणतात, बरं. मग कार्ड उशीखाली जाते, आणि मला गॅप किती ठेवायचा ते पाहायला उशी मागावी लागते.

प्लग काढले ते खुशालने. खुशाल म्हणजे आमच्या शेजारच्या राइस मिलचे ऑइल इंजिन सांभाळणारा. त्याच्या मते गाडीला झालेले काहीच नाही, इंजिन हलते म्हणजे ते जिवंत आहे. (त्याचे स्वतःचे इंजिन सुरू झाले की आमच्या फडताळातल्या बशा वाजतात. अशा माणसाचे मत किती धरायचे?) पण प्लग काढल्यावर त्याचेही मत बदलले. चारही प्लग काजळीने काळेकुट्ट. म्हणाला, गुरुजी, पेट्रोल जास्त अन् हवा कमी होऊन राह्यली जी. मिलचा कोंडा उडून एअर फिल्टर बुजला असेल म्हणून तो काढला. पसाभर कोंडा निघाला खरा. आम्हा दोघांना इतका आनंद झाला की आम्ही चहा प्यालो. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा भुरभुरली आणि प्लग पुन्हा काळे.

मग तुमसरला धनीराम मेकॅनिककडे नेली. सासूबाईंना आणि ताईला त्याच्या दुकानातल्या बाकावर बसवले, धनीरामने गाडी सुरू केली आणि काय सांगू वासुदेवराव, इन्स्पेक्टर आलेल्या वर्गासारखी गाडी शहाणी झाली. स्लोवर ठेवली तर बॉनेटवर रुपया उभा राहील अशी. धनीरामने माझ्याकडे पाहिले. मी त्याला काळे प्लग दाखवले तेव्हा त्याने नाइलाजाने कार्बुरेटर उघडला, फुंकला, पुन्हा बसवला आणि हवेचा स्क्रू थोडा फिरवून दिला. आम्ही सगळे गाडीत बसून निघालो, आणि रेल्वे फाटकाशी थांबलो तर गाडी जशीच्या तशी भुरभुरायला लागली. परत नेली. सगळे उतरले. गाडी शहाणी. धनीराम आता मला दुरून पाहिले तरी हात पुसत आत जातो.

पेट्रोलमध्ये रॉकेल असेल असे आमच्या हेडमास्तरांचे म्हणणे पडले. म्हणून डब्यात पेट्रोल काढून धोतराच्या चौपदरी कपड्यातून गाळले, हुंगले, चमचाभर बशीत उडू दिले. पेट्रोल निर्दोष होते. धोतर गेले.

शेवटी मी स्वतःशी म्हटले की अठ्ठावीस वर्षे आपण नववीला विज्ञान शिकवतो, ते कशाला? दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाइनची एक रिकामी बाटली आणि रबरी नळी आणली. टाकीची नळी पंपापासून सोडवली, बाटलीत बरोबर एक लिटर पेट्रोल भरले, बाटली बॉनेटखाली सुतळीने पक्की बांधली आणि नळी पंपाला जोडली. लिटरभर पेट्रोल संपून गाडी जिथे थांबेल तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. प्रयोग निर्दोष आहे, पण बॉनेट पूर्ण लागत नाही आणि बाटली बाहेरून दिसते. तासाभरात मोहाडीभर झाले की गुरुजींच्या गाडीला सलाइन लावली. लोक पाहायला आले. एका म्हाताऱ्याने किती बाटल्या चढवायच्या आहेत असे विचारले. कृष्णराव तलाठी तर दोन संत्री घेऊन आले (ती आम्ही खाल्ली). अजून बाजारात कोणी भेटले की आधी गाडीची तब्येत विचारतात, मग माझी.

पण निरीक्षणे ऐका. सगळे नेहमीसारखे बसून गेलो, म्हणजे मी, शेजारी सासूबाई, मागे ताई: लिटरला सहा किलोमीटर. एकटा गेलो: अकरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम, म्हणून ताईला पुढे बसवून नेले: अकरा. मागे पाऊण क्विंटल धानाचे पोते टाकून गेलो: साडेदहा. पुन्हा सासूबाईंना पुढे बसवले: सहा. माझा माझ्यावर विश्वास बसेना. सासूबाईंचे वजन त्या पोत्याच्या निम्मे भरेल. म्हणून पुढच्या सीटची स्प्रिंग टोचते असे भिंतीला सांगून (मलाही आता ती सवय लागली आहे) त्यांना मागे बसवले. वासुदेवराव, अकरा!

तेव्हा अनुमान एकच निघते. तुमच्या गाडीला तुमच्या आई पुढच्या सीटवर सोसत नाहीत. आता हे मी तुमच्या ताईला कोणत्या तोंडाने सांगू? तुमची आई पेट्रोल पिते असे सत्तावीस वर्षांच्या संसारात कोणी बायकोला सांगितले आहे? शास्त्रीय कारण मला सापडत नाही आणि तोवर मी त्यांना मागे बसवू शकत नाही, कारण मागे त्यांना काही दिसत नाही. तरी आपण येत्या रविवारी एक चांगला कार्बुरेटर घेऊन यावे, नाहीतर गाडी घेऊन जावी. आईंविषयी माझी काही तक्रार नाही.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुम्हाला जे योग्य वाटेल ते.

आपला,
श्यामराव

ता. क. हे पत्र कार्डावर मावेना, पाकिटाला तिकीट नव्हते, म्हणून चार दिवस खिशातच राहिले. ते बरे झाले. काल आमच्या शकुनच्या सासरी, सिहोऱ्याला गेलो होतो. तुमची ताई लेकीकडे राहिली आणि येताना गाडीत मी आणि सासूबाई दोघेच. फाटक लागले होते. गाडी उभी राहिली, भुरभुर सुरू झाली, आणि मी सहज डावीकडे पाहिले तर सासूबाईंचा हात पदराखालून चोकच्या बटणावर. बटण बोटभर बाहेर. थंडीत गाडी उठवायला आपण ओढतो तोच चोक. गरम इंजिनात तो ओढलेला राहिला तर पेट्रोल जास्त, हवा कमी, प्लग काळे. नववीच्या पोरालाही कळेल. आणि गाडीतून उतरताना त्या तो आठवणीने आत ढकलतात, म्हणजे धनीरामला काही सापडायला नको.

गाडीत भिंत नसते. मी स्टिअरिंगला म्हटले, चोक कोणीतरी ओढत असावे. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवले आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलल्या. म्हणाल्या, “जवाईबापू, त्यानंच सांगतलं होतं मले, हे ओढून ठेवलं का गाडी बिघडते. आता गाडी सुधरली तं तो कायले लिहीन? अन् येईन तरी कायले?”

श्रावणातली दोन कार्डे, मग रिकामे दोन महिने, मग ही आठ. मी विज्ञानाचा मास्तर, हा हिशोब मला लागला नाही आणि डावा डोळा अधू असलेल्या बाईला लागला. मला तुमचा फार राग आला, वासुदेवराव. आठ कार्डे मी स्वतः वाचली आणि गॅप तेवढा पाहिला, म्हणून स्वतःचाही आला. फाटक उघडले तरी मी निघालो नाही, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो.

ता. क. दुसरे. कार्बुरेटर आणू नका, लागत नाही. गाडीही नेऊ नका. तुम्ही या. बॉनेट उघडा, तासभर हात काळे करा, स्टूल टाकून सासूबाईंना जवळ बसवा आणि काहीही दुरुस्त करू नका. मी तुम्हाला सांगितले हे त्यांना कळू देऊ नका. तुमच्या ताईलाही कळू देऊ नका, तिला अजून वाटते की दोष पेट्रोलचा आहे. रविवारची पहिली बस साडेनऊला येते.

ता. क. तिसरे. आज बाजारात गेलो तर सासूबाईंनी चोकला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि गाडी इतकी मुकाट चालली की मलाच सोसवेना. येताना चोक मी ओढला. त्यांनी पाहिले आणि काचेला सांगितले की गाडी पुन्हा बिघडून राह्यली, कोणी नागपूरले कळवलं तं बरं. म्हणून कळवतो.